पायउतार

वर्तमानपत्रात हा शब्द मंत्र्यांसाठी वापरतात.
आमच्याकडे तो जिना आहे, सतरा पायऱ्यांचा,
आठवी जरा मोडकी.
वर ऑफिस, खाली चौथी ब.

अकरा वर्षं मी वर होते.
वरून तुर्भ्याचे गाळे दिसतात
आणि पारसिकचा डोंगर, अर्धा.
उरलेला अर्धा ट्रकांतून गेला,
आता कुठल्या कुठल्या सेक्टरांत विसाव्या मजल्यापर्यंत उभा आहे.

तो फोडणाऱ्यांची पोरं आमच्याकडे यायची,
भुवयांवर क्रशरची भुकटी घेऊन.
खाली होते तेव्हा त्यांना भागाकार शिकवायचे.
बाकी उरली तर काय करायचं, असं विचारलं एकदा,
तर वडारवस्तीतली यमुना म्हणाली,
"घरी न्यायची."
याच्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

वर गेल्यावर मी वेगळं शिकले.
आधारशी न जुळणारी नावं जुळवणं,
तांदळाची शिल्लक ग्रॅमपर्यंत लिहिणं,
साहेब आले की आधी कोणत्या वर्गात न्यायचं
आणि कोणत्या वर्गाचं दार हळूच ओढून घ्यायचं.
हेही काम आहे, कुणीतरी करावंच लागतं,
आणि मी ते वाईट केलं नाही.
मुलींच्या संडासाला आतून कडी लागली,
त्या एका कडीसाठी चार पत्रं लिहिली.
त्या कडीचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

खाण बंद झाली त्या वर्षी, फेब्रुवारीत,
लहू पिराजी धोत्रे, चौथी ब, दारात आला.
साडेअकरा वाजले असतील.
माहिती भरायची शेवटची तारीख होती, पोर्टल सारखं बसत होतं.
मान वर न करता मी म्हणाले, "थांब."

तो थांबला.

खिचडी झाली. तास झाले. शाळा सुटली.
केणीमामा कुलूप घेऊन आले आणि म्हणाले,
"बाई, हा पोऱ्या कोणाचा ठेवलाय?"
एका पायावर भार देऊन उभा होता,
भिंतीला न टेकता.
भिंतीला टेकू नये, ही माझ्या सहीची सूचना
बरोब्बर त्याच्या डोक्यावर चिकटवलेली.

"काय हवं होतं रे?"
"दाखला. टेम्पो चारला निघणार व्हता."

उभ्यानंच लिहिला.
शाळा सोडल्याचं कारण, पालकांचे स्थलांतर.
वर्तणूक, चांगली.
हा शब्द मी हजारदा लिहिला असेन,
त्या दिवशी पेन तिथं अडलं.

नाक्यावर टेम्पो उभाच होता,
वर पत्रे बांधलेले, एक शेळी, माणसं गप्प.
मी धापा टाकत माफी मागायला तोंड उघडलं,
तर त्याची आईच म्हणाली,
"बाईनी थांब म्हनलं व्हतं न्हवं? मग."
ती रागावली असती तर
मी आजही वर असते.

क्लार्क म्हणाला, राजीनाम्याचा नमुना आहे,
स्वेच्छानिवृत्तीचा आहे, खाली उतरण्याचा नाही.
संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, तीनच वर्षं राहिलीत,
लोकांना वाटेल पैशाबिशाचं काही आहे.
घरी हे म्हणाले, पगारात किती फरक पडेल?
प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं,
लहूचं कुणालाच नाही.
अर्जावर लिहिलं, प्रकृती.
तेही खोटं म्हणता येणार नाही.

जूनमध्ये आठव्या पायरीवर
दुसाणे सर वर येताना भेटले, हातात नवी पाटी.
दोघं अंग चोरून उभे राहिलो.
म्हटलं, फाइली डाव्या कपाटात आहेत,
आणि दारात कुणी आलं तर...
"तर काय, मॅडम?"
काही नाही, म्हटलं, पायरी सांभाळा.

चौथी ब मध्ये एकोणचाळीस.
पहिल्या बाकावरच्या नसरीननं हजेरी संपायच्या आतच विचारलं,
"बाई, तुम्हाला खाली का पाठवलं?
काय केलंत?"

सांगते, म्हटलं. आधी वह्या काढा.
आज भागाकार.
बाकी उरणारे.